वेल्डिंगचं काम मे महिन्यात देऊ नका

पाटा, म्हणजे गाडीमागे ओढून मुरमाचा रस्ता सारखा करायची लोखंडी चौकट, कागदावर काढायला मला एक संध्याकाळ लागली, सामान आणायला एक सकाळ, आणि तो तयार होऊन घरी यायला २८ दिवस. मला बोलायचंय ते या २८ दिवसांबद्दल. ज्यांना फक्त मापं हवीत त्यांनी मधला भाग सोडून द्यावा, पण शीर्षक तेवढं लक्षात ठेवावं.

आमचं घर नागपूरच्या काटोल रोडला, फेटरीच्या पुढे. डांबरी रस्त्यापासून दारापर्यंत साधारण १४० मीटरचा मुरमाचा रस्ता आहे, १० फूट रुंद, आमचा स्वतःचा. म्हणजे तक्रार करायला कुणी नाही. अर्ध्या लांबीत खाली काळी माती. पावसाळ्यात ही माती मुरूम गिळते, आणि जो गिळत नाही तो पाण्याबरोबर कडेच्या नालीत जातो. गेल्या उन्हाळ्यापर्यंत दोन चाकोऱ्या इतक्या खोल झाल्या होत्या की मधला उंचवटा बोलेरोच्या पोटाला घासायचा. उताराच्या टप्प्यावर तर पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा. सिलिंडरवाला फाट्यावरूनच फोन करायचा, "साहेब, इथंच ठेवून राहिलो जी, गाडी आत नाई येत." मग मी तो सिलिंडर उन्हात लोळवत आणायचो आणि ही दारात उभी राहून माझ्याकडे अशी बघायची, की जणू रस्ता मीच उखडला.

दरवर्षीचा उपाय एकच, नवीन मुरूम. हिशेब करून बघा: १४० मीटर म्हणजे ४६० फूट, रुंदी १० फूट, थर फक्त २ इंचांचा धरला तरी ७६० च्या वर घनफूट होतात. १०० घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे साडेसात ब्रास मुरूम. ट्रॉल्या येतात, ढिगारे टाकतात, दोन मजूर फावड्यानं पसरवतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. एकदा नाली साफ करताना खणत गेलो तर खाली सगळा माझाच मुरूम. तेव्हा डोक्यात आलं की मुरूम कमी नाही, तो जागेवर नाही. त्याला कडेवरून ओढून मधात आणलं पाहिजे.

हे काम ग्रेडर, म्हणजे रस्ता तासून सारखा करायचं मोठं यंत्र करतं, पण १४० मीटरसाठी ग्रेडर कोण आणेल? त्याचा गरीब भाऊ म्हणजे गाडीमागे ओढायची जड लोखंडी चौकट. शेतात ढेकळं फोडायला पाटा फिरवतात, तोच प्रकार, फक्त लोखंडाचा आणि आडव्या पट्ट्या तिरप्या बसवलेल्या. गंमत ही की नुसत्या एका पात्यानं हे काम नीट होत नाही. गाडी खड्ड्यात उतरली की पातंही उतरतं, आणि रस्त्याच्या लाटा आहेत तशा पुढे छापल्या जातात. पाट्याच्या बाजूच्या पट्ट्या लांब असल्या की तो खड्ड्यावरून पुलासारखा जातो. उंच भाग तासतो, तासलेला माल पुढे ढकलत नेतो आणि खोलगट जागा आली की तिथे सांडतो. सगळी हुशारी त्या लांबीत आहे.

माझं माप असं. बाजूला १०० बाय ५० मिलीमीटरचे दोन सी-चॅनेल, साडेचार-साडेचार फुटांचे. रुंदी पाच फूट, म्हणजे रस्त्याची बरोबर अर्धी. आडवे तीन अँगल, म्हणजे एल आकाराच्या लोखंडी पट्ट्या, ६५ बाय ६५ बाय ६ मिलीमीटरच्या; हीच पाट्याची पाती. पुढचे दोन तिरपे, म्हणजे एक टोक दुसऱ्याच्या दीड फूट पुढे. मागचा तिसरा सरळ, तो फक्त साफसफाई करतो. अँगलची एक कड खाली चॅनेलच्या बाहेर इंचभर निघाली पाहिजे, तीच रस्ता तासते. सगळ्याचं वजन ५५ किलोच्या आसपास भरलं. सामान इतवारीत लोहा ओळीत एका सकाळी मिळालं.

सामानाबद्दल एकच सांगतो. भंगारात एकानं मला रेल्वेच्या रुळाचा तुकडा दाखवला. "याच्यापेक्षा वजनदार काय भेटन साहेब?" खरं होतं त्याचं, रूळ मीटरला ५२ किलोचा असतो आणि पाट्याला याहून चांगलं पातं नाही. पण रेल्वेचा माल बेकायदा जवळ बाळगणं हा गुन्हा आहे, त्यासाठी १९६६ पासून वेगळा कायदाच आहे. निघालो तिथून.

आता वेल्डर.

१४ मे ला मी चॅनेल, अँगल आणि माझं चित्र घेऊन आमच्या भागातल्या एका वर्कशॉपमध्ये गेलो. नाव लिहीत नाही, माणूस वाईट नाही. त्यानं चित्र उलटसुलट करून पाहिलं, खिळ्याला टांगलं आणि म्हणाला, "हे तं दोन घंट्याचं काम आहे. उद्या या न जी."

नागपुरात मे महिना म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगायला हवं. पारा ४५ च्या पुढे जातो, आणि प्रत्येक घराला कूलर लागतो, आणि प्रत्येक कूलरला स्टँड लागतो. मी दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा दुकानासमोर कूलरचे अकरा स्टँड उभे होते. मी मोजले. माझं सामान भिंतीला टेकवलेलं, चित्र खिळ्यावर फडफडत. "साहेब, हे लोकं रात्रभर झोपले नाई. तुमचा रस्ता कुठं पळून चालला?" यावर काय बोलणार?

चार दिवसांनी गेलो तर दुकान बंद, साळ्याचं लग्न. मग लाइट नव्हती. मग लाइट होती पण रॉड संपले होते. मग २५ मे ला नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, लागला आणि त्यानं दुकानाची वेळ बदलली: सकाळी सात ते अकरा, संध्याकाळी पाचनंतर जमलं तर. याबद्दल मी त्याला दोष देत नाही. त्या उन्हात लोखंडाला हात लावला की कातडी निघते, वर वेल्डिंगचा जाळ. पण मला पाचचा वेळ दिला असताना साडेसहाला स्कूटरवरून येऊन "अरे, तुम्ही आले का?" असं विचारायचं, हे मला आजही पचलेलं नाही.

एक दिवस गेलो तर माझे दोन्ही चॅनेल कुणाच्या तरी ट्रॉलीच्या एक्सलखाली टेकू म्हणून लावलेले. ट्रॉलीवाला माझ्याकडे पाहून हसला. मी हसलो नाही. त्यानंतरच्या खेपेला तीनपैकी एक अँगल गायब. बरीच शोधाशोध झाल्यावर कळलं की तो एका फाटकाला लागून गेला, आणि फाटक गिट्टीखदानकडे कुठंतरी बसूनही झालं. त्याच्या बदल्यात त्यानं मला ७५ चा, जरा जाड अँगल दिला, वर पैसे घेतले नाहीत. तोच पुढे लावला. आज पाट्यात सगळ्यात चांगलं काम तोच करतो, पण हे मी त्याला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

जून उजाडला तसे कूलर संपले. मला वाटलं, आता आपला नंबर. तर वखर आले. मृग तोंडावर, आजूबाजूच्या सगळ्या गावांतून वखराची पाती, डवऱ्याची पाती, कल्टिवेटरचे फाळ, ट्रॉल्यांची फाटकं. शेतकऱ्याला मी कोणत्या तोंडानं म्हणणार की आधी माझा? त्याची पेरणी अडलेली, माझा सिलिंडर. मी स्टुलावर बसून राहायचो. तिथे बसल्या बसल्या फोनवर वाचत होतो की अमेरिकेत मिझुरी राज्यात डी. वॉर्ड किंग नावाच्या शेतकऱ्यानं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हाच पाटा ओंडक्याचा केला होता. ओंडका उभा चिरायचा, दोन फाकी समांतर जोडायच्या, घोडे जुंपायचे आणि पाऊस पडून गेला की मातीच्या रस्त्यावरून ओढायचा. झाला रस्ता. त्याला वेल्डर लागला नाही. त्या स्टुलावर बसून मला या माणसाचा जो हेवा वाटला तो सांगण्यापलीकडचा आहे.

११ जूनला संध्याकाळी फोन आला, "घेऊन जा." वेल्डिंगला लागलेला वेळ मी विचारला. म्हणाला, "दीड घंटा."

मोठा पाऊस व्हायच्या आत पाटा ओढायचा हा माझा सगळा हेतू होता, तो तसाही चुकीचा होता. कोरड्या मुरमावर पाटा फिरवला तर नुसती धूळ उडते आणि बारीक माल वाऱ्यावर जातो, मोठे खडे वर राहतात. मुरूम बसतो तो त्याच्यातल्या बारीक चिकट मातीमुळे, आणि तिला ओल लागते. पाऊस पडून गेल्यावर एखादा दिवस जाऊ द्यायचा. मूठभर मुरूम घेऊन दाबायचा: लाडू वळला पाहिजे, पण तळहाताला चिकटता कामा नये. चिकटला तर थांबा, नाहीतर चाकांनी चिखल कालवाल. म्हणजे त्या वेल्डरनं उशीर करून माझं नुकसान केलंच नाही असं कुणी म्हणेल. म्हणू दे.

पहिला चांगला पाऊस झाला, दोन दिवसांनी लाडू वळला, आणि मी पाटा बोलेरोला जोडून निघालो. पाट्यावर चार सॉलिड ब्लॉक बांधले होते, पंचवीसेक किलोचा एक. पहिला गिअर, माणूस चालेल तेवढा वेग. वेग वाढवला की पाटा उड्या मारतो आणि नव्या लाटा तयार करतो, त्यामुळे घाई झालेली असेल तर त्या दिवशी हे काम काढूच नका. मागे बघतो तर काय, मुरूम छान निघतोय, लांब वळीसारखा एका बाजूला जमतोय. आणि ती बाजू नालीची.

गेट गाठलं, वळलो, परत आलो. परत येतानाही मुरूम नालीकडे. दोन फेऱ्यांत माझ्या रस्त्याचा मधला भाग खोल आणि दोन्ही कडांना बांध. पावसाचं पाणी तुंबवायला याहून चांगली सोय करता आली नसती.

मी तडक वर्कशॉपला. फोटो दाखवले, आवाज चढवला. अठ्ठावीस दिवस घेतले आणि पाती उलटी बसवली! तो काही बोलला नाही. खिळ्यावरून माझं चित्र काढलं आणि पाट्याच्या फोटोशेजारी धरलं. हुबेहूब. उजवं टोक पुढे, डावं मागे. चित्र माझ्याच हातचं, खाली माझीच सही आणि तारीख, हिशेबाच्या नोकरीची सवय.

झालं होतं असं. चित्र मी एका अमेरिकन शेतकऱ्याच्या पाट्यावरून काढलं होतं. तिरप्या पात्यावर माल पुढच्या टोकाकडून मागच्या टोकाकडे घसरतो. अमेरिकेत गाडी उजवीकडून चालते, म्हणजे रस्त्याचा मध्य डावीकडे, म्हणून त्यांचं उजवं टोक पुढे. आपण डावीकडून चालतो, आपला मध्य उजवीकडे. आपल्याला डावं टोक पुढे हवं. पूर्ण आरसा.

"कापून पलटवून देतो," वेल्डर म्हणाला. मी विचारलं, कधी? त्यानं दुकानात पडलेल्या डवऱ्यांकडे पाहिलं. "आषाढीनंतर या न."

घरी येऊन मी पाटा गोल फिरवून मागच्या बाजूनं जोडून पाहिला. तिरपी रेघ १८० अंशांत फिरवली तरी तिरपी तशीच राहते, हे मी शाळेत शिकलो होतो, पण विसरलो होतो. तासभर घाम गाळल्यावर आठवलं. पालथा घातला असता तर बाजू बदलली असती, पण माझ्या अँगलची कड एकाच बाजूला बाहेर निघाली होती, त्यामुळे पालथा पाटा नुसता घसरत गेला असता. तुम्ही करत असाल तर एवढं करा: पाती वेल्ड करू नका, चॅनेलला दोन्हीकडे जादा भोकं पाडून बोल्टनं बसवा. तिरकी बाजू बदलता येते, आणि पुढची कड झिजली की अँगल काढून दुसरा लावता येतो. कड झिजतेच.

शेजारच्या संत्र्याच्या बागेतला सालदार कुंपणापाशी उभा राहून हा सगळा खेळ बघत होता. म्हणाला, "काका, का करून राहिले?" मी सगळं सांगितलं. अमेरिका, आरसा, आषाढी. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग तिकडच्या बाजूनं काऊन नाई चालवत? तुमचाच तं रस्ता आहे. इथं कोण पोलीस उभा आहे?"

मी उजव्या बाजूनं चालवायला लागलो. मुरूम मधात यायला लागला.

त्या दिवशी सात-आठ फेऱ्या मारल्या. आधी माझेच बांध मोडायला दोन गेल्या. मग मध्य हळूहळू वर यायला लागला. मुरमाच्या रस्त्याला फुटाला अर्धा इंच उतार द्यायचा असतो, म्हणजे माझ्या १० फुटांच्या रस्त्यात मध्यभाग कडांपेक्षा अडीच इंच उंच. दोरी ताणून मोजलं तर पहिल्या दिवशी दीड इंचच भरला होता. बाकीचा पुढच्या दोन पावसांनंतर आला. एका दिवसात सगळं करायला जाऊ नका, सुटा मुरूम जास्त झाला की चाकं त्यात रुततात.

साखळीचं सांगायचं राहिलं. पाट्याच्या पुढच्या दोन्ही कोपऱ्यांना कड्या, तिथून साखळीचे दोन पाय येऊन एका रिंगमध्ये, आणि रिंग गाडीच्या हुकाला. साखळी आखूड असली तर पाट्याचं नाक वर उचललं जातं आणि तो कमी तासतो. लांब ठेवली की नाक खाली बसतं आणि तो खोल घुसतो. आधी नाक खाली ठेवून तासा, शेवटच्या फेरीला आखूड करा, म्हणजे गुळगुळीत होतं. एक पाय दोन कड्यांनी आखूड केला तर पाटा आणखी तिरपा चालतो, तेवढं बारीकसारीक यात जमतं. नायलॉनचा दोर वापरू नका, तुटला की चाबकासारखा येतो. आणि वजन कमी पडतंय म्हणून पाट्यावर पोरांना बसवू नका. आमच्याकडे दोघं तयारच होते.

खड्ड्यांचं वेगळं आहे. खोल खड्डा नुसता भरला तर पहिल्याच पावसात भर उडून जाते, कारण खालचा कडक तळ आणि वरचा सुटा माल एकमेकांना धरत नाहीत. खड्डा तळापर्यंत खणून सैल करायचा, मग ओला मुरूम घालून ठोकायचा आणि त्यावरून पाटा. काळ्या मातीच्या टप्प्यात मी खाली ४० मिलीमीटरची गिट्टी टाकून घेतली होती, ती मात्र टिकली. गोल नदीची गोटी टाकू नका, ती एकमेकांत अडकत नाही, चाकाखाली पळते.

आणि सगळ्यात आधी नाली. नालीतलं पाणी निघून जात नसेल तर मध्य कितीही उंच केला तरी उपयोग नाही. हे वर लिहायला हवं होतं.

खर्च सगळा मिळून चार हजार सातशे: लोखंड, साखळी, शॅकल, वेल्डरचे बाराशे. पेट्रोल पंपाच्या आणि वर्कशॉपच्या फेऱ्यांचं डिझेल त्यात नाही. ते धरायचं म्हटलं तर पुन्हा चिडायला होईल. या पावसाळ्यात मुरमाची एकच ट्रॉली लागली. सिलिंडर ऑगस्टपासून दारात येतो. सिलिंडरवाल्यानं विचारलं, "रस्ता केला का जी?" मी म्हटलं, हो, घरीच. ही मागून म्हणाली, "चार महिने करून राहिले होते."

दिवाळीनंतर पाती बोल्टवर घ्यायला मी पुन्हा त्याच वर्कशॉपला गेलो. कूलर नव्हते, वखर नव्हते, समोर एक खाटेचा पाय सोडला तर काही नव्हतं. त्यानं खुर्ची पुसून दिली, चहा मागवला, जुने अँगल कटरनं कापले, भोकं पाडली, बोल्ट कसले. मी घड्याळ लावून बसलो होतो. चाळीस मिनिटं.